हौसाच्या गळ्यातला दोरा

मिरजेहून मी जिवंत परत आले तेव्हा देवाचे आभार मानायचे सोडून मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडत होते. मला वाचवायचंच होतं तर हे आधी का नाही सांगितलंस, एवढंच माझं भांडण होतं. कारण मी मरणार असं धरून मी एक शब्द देऊन बसले होते, आणि तो शब्द खरा होऊन माझ्या घरात, माझ्या चुलीपुढे भाकरी थापत बसला होता. त्या शब्दाचं नाव हौसा.

आमचं घर उंब्रजच्या अलीकडे, कृष्णेच्या काठाला. घरचा ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ, खाऊनपिऊन सुखी. ते लढाईचे दिवस होते, गावातली निम्मी तरणी माणसं पलटणीत गेलेली. आमचे मालक तेवढे जमिनीसाठी मागे राहिलेले. उजव्या छातीत गाठ आली तेव्हा आधी मी ती लपवली, मग झाडपाला बांधला, आणि शेवटी मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कर्करोग म्हणून सांगितलं. सगळी छाती काढावी लागेल, आणि तरीही भरवसा नाही. या रोगाचं नाव आमच्याकडे तोंड खाली घालूनच घेतात. तो झालेली बाई परत आलेली मी तोवर पाहिली नव्हती.

दवाखान्यात राहायला जाण्याआधी मी दोन गोष्टी केल्या. मालकांच्या हातात भंडारा ठेवून त्यांना शपथ घातली, की गोदा पाच वर्षांची आहे, तिला आई आणा आणि माझ्यासाठी थांबून राहू नका. ते नको नको म्हणत होते. सासूबाई मात्र डोळे पुसत का होईना, मान डोलावत होत्या. आणि त्याच संध्याकाळी पालीच्या खंडोबाला मी नवस बोलले. जिवंत घरी आले तर तुझ्या लग्नाच्या जत्रेला माझ्या स्वतःच्या हातानं दळून भरीत-रोडग्याचा नैवेद्य आणीन. एक दोर तुटला तर दुसरा असावा, असा माझा हिशेब होता. दोन्ही दोर तुटायचे राहिले, हीच पुढची सगळी कहाणी.

ऑपरेशन झालं, जखम चिघळली, तापानं मी कित्येक दिवस बेशुद्ध होते. माझी आई उशाशी होती. गावी निरोप गेला तो आज-उद्याचाच. इकडे ज्येष्ठातले शेवटचे मुहूर्त निघून चालले होते, पुढे चार महिने लग्न करता येणार नव्हतं. सासूबाईंनी पलूसकडची एका गरीब घरची पोर पाहिली आणि माझा शब्द पुरा केला. श्रावण सरता सरता मी बैलगाडीतून उतरले तर माझ्याच उंबऱ्यावर त्या पोरीनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मीच नवी नवरी होते जणू. एकोणीस-वीस वर्षांची, काळीसावळी, अंगानं भरलेली. पदराखाली दोन्ही बाजू सारख्या. पहिल्या नजरेला मला तेवढंच दिसलं, आणि त्याचा जो जाळ उठला तो पुढे कितीतरी महिने विझला नाही.

लोकांना वाटतं रोग गेला की बाई बरी झाली. दवाखान्यात तरी कुणी पाणी आणून देतं, कूस बदलून देतं. खरा रोग घरी येऊन सुरू होतो. माझा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. दुपार कलली की तो सुजायचा, दंडापासून बोटांपर्यंत जड व्हायचा. कासाराकडच्या बाईनं बांगड्या भरायचा प्रयत्न केला तर तीन फुटल्या. शेवटी डाव्या हातात चुडा आणि उजवा हात मोकळा, अशी मी सवाष्ण असून अर्धी दिसू लागले. चोळीची गाठ मारता येईना. पदर एका बाजूला सपाट पडे, म्हणून आत जुन्या लुगड्याची घडी ठेवायची, आणि वाकले की ती सरकायची. शेजारच्या बाया हळदीकुंकू लावताना माझ्या कपाळाला बोट टेकवायच्या आणि मग तेच बोट नकळत पदराला पुसायच्या. पाण्याचा हंडा उचलायचा नाही, सुजलेल्या हाताला विळा लागू द्यायचा नाही, उजव्या कुशीवर झोपायचं नाही. आणि दुसऱ्या बाजूला एखादी कळ आली की श्वास धरून बसायचं, ती जाईपर्यंत.

हे सगळं मी सोसलं असतं. पण माझ्या हातून जे जे निसटायचं ते सगळं हौसाच्या हातात जाऊन पडायचं, ते मला सोसेना. गोदाची वेणी ती घालायची. मला दोन्ही हात पोरीच्या डोक्याशी धरताच येत नव्हते, आणि गोदा लहान असली तरी हुशार, ती फणी घेऊन सरळ तिच्याकडेच जायची. माझे स्वतःचे केस विंचरायला हौसा दोनदा पुढे आली. दोन्ही वेळा मी नको म्हणाले आणि डोक्याचा खराटा करून हिंडले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की रोज भिंतीकडे तोंड करून उभी राहा, बोटं मुंगीसारखी वर वर चालव, आणि जिथवर हात पोचेल तिथे कोळशाची रेघ मार. दाराआड माझ्या अशा रेघा होत्या. एक दिवस हौसानं भिंतीला पांढऱ्या मातीचं पोतेरं दिलं आणि माझ्या रेघा साफ पुसल्या. तिला ठाऊक नसेल. पण मला वाटलं, मी कुठवर चढले हेसुद्धा हिला बघवत नाही.

तिचं वागणं वाईट असतं तर माझं काम सोपं होतं. पण ती मला ‘अक्का’ म्हणायची, माझ्या आधी जेवायची नाही, वर तोंड करून बोलायची नाही. चांगल्या सवतीचा मत्सर करणं किती अवघड असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. काहीतरी सापडावं म्हणून मी तिच्यावर टपलेली असायची. आणि एक दिवस सापडलं.

तिच्या गळ्यात मंगळसूत्राशिवाय आणखी एक काळा दोरा होता. तो चोळीच्या आत उतरलेला असायचा. न्हाताना ती पाठ फिरवायची, आणि वाकताना डाव्या हातानं छाती दाबून धरायची. एकदा मी विचारलं, गळ्यात काय गं. ती गोरीमोरी झाली आणि म्हणाली, काही नाही अक्का, माहेरचा ताईत. ताईत लपवायला कशाला लागतो? माझ्या मनानं घेतलं की मालकांनी तिला सोन्याचं काहीतरी केलंय. माझ्या आजारात माझी बोरमाळ मोडली होती, तशी हिला नवी घडवली, आणि मला दिसू नये म्हणून आत. मग मला दुसरं काही सुचेना. भाकरी खाताना दोरा, झोपताना दोरा. ते शेतातून आले की आधी कुणाकडे बघतात, पाणी कुणाच्या हातून घेतात, हे मी मोजू लागले. ते बिचारे दोघींकडेही न बघता खाली मान घालून जेवायचे. मला त्यातही कट दिसायचा.

पौषात पालीची जत्रा आली. सासूबाई म्हणाल्या, नवस उशिरा फेडू नये, तुला देवानं परत दिलंय. खरंच होतं. पण माझा नवस माझ्या हाताचा होता, आणि हात असा. हौसा मागून हळूच म्हणाली, मी दळून देते अक्का. मी तिला असं काही बोलले की ती दोन दिवस माझ्यासमोर आली नाही. घर, पोर, नवरा, सगळं दिलं होतं. निदान देव तरी माझा एकटीचा राहू दे, असं मला झालं होतं. दुपारी घरात कुणी नसताना मी जात्यावर बसले. उजव्या हातानं खुंटा धरून ओढला, तर काखेपासून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. डाव्या हातानं ओढू गेले तर जातं नुसतं कुरकुरायचं. गव्हाचं भरड झालं ओंजळभर, ते मी कोंबड्यांना टाकलं. आणि हट्टानं ठरवलं की गहू तसेच न्यायचे. पालीत जाऊन देवाच्या दारात दळेन. तिथे तो काय ते बघून घेईल. जत्रेला पीठ न नेता गहू नेणारी बाई माझ्याआधी कुणी झाली नसेल.

सासूबाई गुरांसाठी मागे राहिल्या. गाडीत मालक पुढे, गोदा हौसाच्या मांडीवर झोपलेली, आणि मी गव्हाचं गाठोडं पोटाशी धरून मागे. तारळी नदीच्या पात्रात माणसांची दाटी होती, जिकडे तिकडे गोवऱ्यांचा धूर, निखाऱ्यावर वांगी भाजल्याचा वास. देवाचं लग्न कलत्या उन्हाला लागायचं होतं. मी गाठोडं घेऊन जातं शोधत निघाले. ज्यांच्या घरी विचारावं त्यांच्या घरी पाहुण्यांचा बाजार भरलेला, आणि कुणी म्हणे पीठच न्या की. पायाला फुफाटा, डोक्यावर ऊन, हाताला सूज चढू लागलेली. नदीच्या वरच्या अंगाला, गर्दी संपते तिथे, मी एका बांधावर बसले आणि रडले. देवा, तू दोघींचा झालास, पण तुला ते जमतं. मला नाही जमत, असं काहीसं मी म्हणत होते.

तिथे जवळच एका धनगराचा तळ पडलेला होता. मेंढरं पुढे चरायला गेलेली, आणि मागे एक म्हातारी धनगरीण एकटी कोकरू मांडीवर घेऊन त्याच्या पायाला काही बांधत होती. तिच्याजवळ तळावर एक छोटं जातं होतं. तिनं मला का रडतेस म्हणून विचारलं नाही. गाठोड्याकडे पाहिलं आणि जात्याकडे हात केला. मी सांगितलं, की हात चालत नाही, आणि दुसऱ्या कुणाचा चालायचा नाही, कारण नवस माझ्या हाताचा आहे. ती म्हणाली, “मंग तुजा हात खुट्याला लागला मंजी झालं. फिरवायला संगं कुनी न्हाई व्हय आलं?”

मी मान फिरवली, तर गोदा मला शोधत येत होती आणि तिच्या मागे हौसा. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि काय ते ओळखलं असावं. “ये गं पोरी, बस म्होरं,” म्हणाली. “द्येवानं सोता दोगी केल्यात. त्येला काय ह्याचा राग येतोय व्हय?”

माझ्याच्यानं नाही म्हणवेना. दमलेलं माणूस भांडत नाही. मी बसले, हौसा समोर बसली, मी उजवा हात खुंट्यावर ठेवला आणि तिनं माझ्या हाताच्या खाली तिचा हात धरला. जातं फिरू लागलं. जात्यावर दोघी बसल्या की हे असतं, दुसरीचा जोर तुमच्या हाताला फिरवून आणतो. माझा हात मी फिरवत नव्हते. तो पुढे जात होता, बाजूला जात होता, परत माझ्याकडे येत होता. पहिल्या काही फेऱ्यांना कळ आली. मग काखेतलं आखडलेलं काहीतरी हळूहळू सैल झालं. भिंतीवर बोटं चालवून इतक्या महिन्यांत जे झालं नव्हतं ते होत होतं. डाव्या हातानं मी गहू घालत होते आणि पांढरं पीठ पडत होतं.

हौसा वाकली, तिचे दोन्ही हात गुंतलेले, आणि चोळीतून तो दोरा बाहेर आला. त्याच्या टोकाला सोनं नव्हतं. चांदीचा एक छोटासा टाक होता, नखाएवढा. त्यावर एक बाई कोरलेली, दोन्ही हात खाली सोडून उभी, आणि तिच्या कपाळावर ओलं कुंकू.

आमच्याकडे पहिली बायको गेली आणि दुसरी केली की दुसरीच्या गळ्यात मेलेलीच्या नावाचा टाक घालतात, म्हणजे गेलेली शांत राहते, संसारात आड येत नाही. मला हे ठाऊक होतं. पण तो टाक कुणाचा, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. जातं थांबलं. हौसा खाली बघत म्हणाली, “अक्का, ह्या तुमीच हायसा.”

मग तिनं सांगितलं. मिरजेहून निरोप आला तेव्हा सासूबाईंनी मला गेलीच असं धरलं, कऱ्हाडच्या सोनाराकडून टाक करवून घेतला आणि लग्नात तिच्या गळ्यात बांधला. मी परत येते असं कळल्यावर त्याच म्हणाल्या, की तो सोनाराला परत दे, आटवून टाकू दे, आणि थोरलीला कळू देऊ नको. हौसानं दिला नाही. का दिला नाहीस, मी विचारलं. ती म्हणाली, “मुशीत घालायचं म्हनल्यावर माजा जीव हुईना. तुमच्याच नावाची हाय नव्हं. तुमाला काय झालं मंजी?” आणि मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, “मी रोज आंगूळ झाली की आदी हिला कुकू लावती, मग माज्या कपाळाला. लगीन झाल्यापास्नं हिला म्हनती, अक्का, मरू नगासा. घरात समदी तुमचंच नाव घ्यायची. गोदा झोपंत तुमालाच हाक मारायची. मेलेल्या बाईचं कवा काय चुकत न्हाई, अक्का. तिच्यापुढं मी जल्मभर कवा पुरी पडायची?”

इतके दिवस मी जिच्यावर जळत होते, जी तिच्या चोळीच्या आत, तिच्या उराला लागून राहत होती, ती मीच होते. आणि हीसुद्धा माझ्यावर जळत होती, मी मेले असेन म्हणून. मला हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. तापात मी मिरजेला पडले होते, आई उशाशी जप करत होती, डॉक्टर येत-जात होते. त्या दिवसांत कृष्णेकाठच्या एका घरात एक पोर, जिला मी पाहिलंही नव्हतं, रोज सकाळी माझ्या कपाळाला कुंकू लावत होती. मी कशानं वाचले ते मला माहीत नाही. मी त्याचा वादही घालत नाही. पण त्या दिवशी मला वाटलं की मी देवाकडे आयुष्य मागितलं आणि त्यानं ते माझ्या नावडत्या हातानं दिलं, कारण त्या वेळी रिकामा हात तोच होता.

धनगरीण कोकराला खाली सोडत म्हणाली, “दळा की आता. थांबलासा का? द्येव उपाशी हाय.”

आम्ही दळलं. रोडगे तिच्याच गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजले, वांगी भाजली. देवळात गेलो तेव्हा नैवेद्याच्या पानाशेजारी मी तो टाक ठेवला. हौसानं स्वतः गळ्यातून काढून दिला होता. मालकांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. “मी नगं म्हनत हुतो,” एवढंच म्हणाले. मी म्हटलं, मला माहीत आहे. गुरवानं टाकावर भंडारा टाकला आणि तो देवाच्या पायांशी सरकवला. मरायची होती ती बाई तिथेच राहिली.

लग्न लागलं तेव्हा सगळं पात्र पिवळं झालं. मीही मूठभर भंडारा घेऊन उजवा हात उचलला. तो खांद्याच्या जरासा वर गेला आणि थांबला, त्यामुळे सगळा भंडारा पुढे उभ्या असलेल्या हौसाच्या डोक्यावर सांडला. ती मागे वळून बघते तर मी. गोदा टाळ्या पिटत हसली. निघताना आम्ही म्हातारीला रोडगा द्यायला वरच्या अंगाला गेलो, तर तळ उठलेला होता. जातं नाही, कोकरू नाही, नुसत्या लेंड्या आणि विझलेली राख. धनगर तर जातातच पुढे. तरी त्या राखेला मी हात जोडले.

मत्सर गेला असं लिहिलं तर खोटं होईल. तो आहे. मालक हौसाकडे बघून काही बोलले की अजून कान टवकारतात. सुजलेला हात सुजतोच, उजव्या मनगटात अजून बांगडी चढत नाही, आणि कळ आली की श्वास अडकतोच. फक्त आता ती कळ मी आधी हौसाला सांगते. भिंतीला पोतेरं देताना ती दाराआडचा तेवढा तुकडा सोडते. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी फणी घेऊन तिच्यापुढे पाठ करून बसले, आणि तिनं माझ्या डोक्यातला महिन्यांचा गुंता सोडवला. दुखलं, पण मी उठले नाही.

देवाला शरण जाणं म्हणजे हात जोडणं असं मी समजत होते. माझा एक हात नीट जोडता येत नाही. मग ते त्यानं मला दुसऱ्या तऱ्हेनं शिकवलं. रोज पहाटे आम्ही दोघी जात्यावर बसतो. मी खुंट्यावर हात ठेवते, खाली तिचा हात असतो, आणि जातं फिरतं. हात कुणाचा आणि जोर कुणाचा, हे मी आता विचारत नाही. पीठ पडतं, आणि घर जेवतं.